वर्गातला बाजार, वर्गातली बँक : मुलांना पैशाचा व्यवहार शिकवताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पैशाबद्दल शिकवायचं तर एक धडा पुरणार नाही का? वर्गात सगळा व्यवहार उभा करायची गरज काय?

धड्यातून शब्द कळतात. बचत, व्याज, नफा, तोटा यांच्या व्याख्या मूल परीक्षेत बिनचूक लिहितं आणि हातात चार पैसे आले की पहिल्या दिसेल त्या वस्तूवर उडवून मोकळं होतं. पैशाचं शिक्षण खरं म्हणजे निर्णयाचं शिक्षण आहे. निर्णय घ्यायची सवय घेऊनच लागते. मूल कमावतं, ठरवतं, खर्च करतं, फसतं आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा ठरवतं, हे चक्र वर्गात वर्षभर फिरत राहिलं पाहिजे. त्यासाठी वर्गाची स्वतःची मुद्रा (म्हणजे फक्त वर्गात चालणारे पैसे), काही कामं, एक छोटी बँक आणि महिन्यातून एकदा बाजार एवढं पुरतं. रोजच्या वेळापत्रकातली दहा मिनिटं आणि बाजाराच्या दिवशीचे दोन तास, याहून जास्त वेळ लागत नाही.

कोणत्या वयापासून सुरुवात करावी?

पाच-सहा वर्षांच्या मुलांबरोबर ओळखीपुरतं, आठ-नऊपासून खरा व्यवहार. स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी दाखवून दिलं होतं, की साधारण सहा-सात वर्षांपर्यंतच्या मुलांना वस्तू पसरून मांडल्या की त्या वाढल्यासारख्या वाटतात. नाण्यांच्या दोन सारख्या रांगा मांडून एक जरा लांबवली, तर त्या रांगेत जास्त नाणी आहेत असं मूल ठामपणे सांगतं. चार लहान नाण्यांच्या बदल्यात एक मोठं नाणं घ्यायला ते तयार होत नाही, कारण त्याच्या लेखी चार हे एकापेक्षा जास्तच. या वयात मोजणं, सुटे करणं आणि ‘हवं’ आणि ‘लागतं’ यांत निवड करणं एवढंच घ्या. त्याला व्याज शिकवू नका.

मोठ्या मुलांच्याही काही समजुती पक्क्या असतात. बँकेत ठेवलेले पैसे आपल्या नावाच्या कप्प्यात तसेच पडून असतात आणि मागायला गेलं की त्याच नोटा परत मिळतात, असं दहा वर्षांची अनेक मुलं मानतात. ही समजूत बोलून दूर होत नाही. वर्गातल्या बँकेत एकाने ठेवलेली मुद्रा दुसऱ्याला कर्जाऊ दिलेली डोळ्यांनी पाहिली, की तिसऱ्याच दिवशी कुणीतरी विचारतं, ‘मग सगळ्यांनी एकदम मागितले तर?’ या प्रश्नावर अख्खा तास द्यावा.

खरे पैसे वापरावेत की खोटे?

बाराही महिने वर्गाची मुद्रा वापरावी. खरे पैसे आले की घरची ऐपत वर्गात येते, हरवाहरवी होते आणि शिक्षकाचा वेळ चौकशीत जातो. पण मुद्रेने काहीतरी खरं मिळालं पाहिजे. वाचनकट्ट्यावर बसायची पहिली पाळी, खेळाच्या तासाला खेळ निवडायचा हक्क, मित्रांनी बनवलेल्या वस्तू, वर्गाच्या पेटीतलं चांगलं पेन. नुसत्या गुणफलकावरच्या आकड्याला मुलं पंधरा दिवसांत विटतात.

मुलांना मुद्रा कशाबद्दल द्यायची? चांगल्या गुणांबद्दल दिली तर अभ्यासही सुधारेल.

या मोहात पडू नका, अशी कळकळीची विनंती आहे. अभ्यास, वाचन, चित्रं काढणं, दुसऱ्याला मदत करणं यांवर मुद्रेची चिठ्ठी चिकटवू नये. १९७३ साली मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी बालवाडीतल्या मुलांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. ज्यांना मुळात स्केचपेनांनी चित्रं काढायला आवडत होतं अशीच मुलं त्यांनी निवडली. काहींना आधी सांगितलं, की चित्र काढलंत तर सोनेरी शिक्क्याचं प्रशस्तिपत्र मिळेल. पुढे एक-दोन आठवड्यांनी, कसलंही बक्षीस नसताना, ती स्केचपेनं पुन्हा वर्गात ठेवली. बक्षिसाच्या कबुलीवर चित्रं काढलेली मुलं इतरांच्या निम्माच वेळ त्यांच्याकडे वळली. ज्यांना न सांगता, अचानक बक्षीस मिळालं होतं, त्यांची आवड मात्र टिकून होती.

तेव्हा मुद्रा द्यायची ती कामाची. फळा पुसणं, झाडांना पाणी घालणं, पुस्तकं देण्या-घेण्याची नोंद ठेवणं, बँकेचा रोखपाल होणं, आलेल्या चिठ्ठ्या कार्यालयात पोचवणं. कामाला अर्ज करायचा, काम महिनाभर सांभाळायचं, महिन्याने पाळी बदलायची. सगळ्या कामांचा मोबदला सारखा नसावा. रोखपालाला जास्त आणि फळा पुसणाऱ्याला कमी का, हा वाद वर्गात होऊ द्या. कौशल्य, जबाबदारी, कंटाळा, गरज या चारही गोष्टी मुलं स्वतःच मांडतात. आणि एखादा वर्ग ठरवतो, की सर्वात घाणेरड्या कामाला सर्वात जास्त मोबदला असावा. त्यांच्या त्या ठरावाचा मान राखा.

किती मुद्रा छापावी?

हा प्रश्न किरकोळ वाटतो, पण वर्गातली अर्थव्यवस्था इथेच बहुधा कोलमडते. १९७० च्या दशकात वॉशिंग्टनच्या कॅपिटल हिल भागात सुमारे दीडशे जोडप्यांनी एकमेकांची मुलं सांभाळण्यासाठी कुपनांची पद्धत सुरू केली होती. मुलं सांभाळली की कुपन मिळायचं, आपली मुलं कुणाकडे ठेवायची तर कुपन द्यायचं. कुपनं कमी पडली. जो तो अडीअडचणीसाठी साठवून ठेवू लागला, बाहेर जायचं टाळू लागला आणि सगळा व्यवहार ठप्प झाला. मग जास्त कुपनं छापली, तेव्हा गाडं सुरळीत चाललं. पुढे ती इतकी झाली, की प्रत्येकाला बाहेर जायचं होतं आणि सांभाळायला कुणी मिळेना.

वर्गात अगदी हेच होतं. आठवड्याचा सगळा मोबदला आणि बाजारात विकायला येणाऱ्या वस्तू यांचा मेळ ठेवा. दर आठवड्याला मुद्रा वाढत राहिली आणि वस्तू तेवढ्याच राहिल्या, तर भाव चढतात. आणि चढू द्यावेत! गेल्या महिन्यात ४ मुद्रांना मिळालेलं पेन आज ७ ला जातंय हे ज्या मुलाने गल्ल्याशी उभं राहून पाहिलं, त्याला महागाईची व्याख्या पाठ करावी लागत नाही. मात्र जागेचं भाडं, रंगपेटीचं भाडं, हरवलेल्या वस्तूची भरपाई अशा वाटांनी मुद्रा परत तिजोरीत येत राहील, अशी सोय सुरुवातीलाच करून ठेवा.

बाजाराचा दिवस कसा घ्यावा?

बाजार हा या सगळ्याचा प्राण आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

आठवडाभर आधी प्रत्येक मुलाने किंवा जोडीने काय विकायचं ते ठरवायचं. भांडवल आपल्या शिलकीतून काढायचं, साहित्य वर्गाच्या भांडारातूनच विकत घ्यायचं. घरून आणलेल्या साहित्याला बंदी असावी, नाहीतर स्पर्धा पालकांची होते. मांडणीच्या जागेला भाडं, दाराजवळच्या जागेला थोडं जास्त. किंमत मुलाने ठरवायची. घासाघिशीला मोकळीक. बाजार उठला की त्याच दिवशी, घरी जाण्याआधी, हिशेब पुरा करायचा.

या शेवटच्या पायरीवर काय घडतं ते एका उदाहरणाने सांगतो. एका मुलीने पुस्तकात ठेवायच्या खुणा बनवल्या. जाड कागद १५ मुद्रांचा, रंगांचं भाडं ४, जागेचं ६. एकूण २५. खुणा झाल्या १०, किंमत लावली प्रत्येकी ३. सात विकल्या गेल्या. पुढ्यातल्या २१ मुद्रा तिने तीनतीनदा मोजल्या आणि हसत वही घेऊन आली. जमेच्या बाजूला २१ लिहिले, खर्चाच्या बाजूला २५. पेन्सिल थांबली. ‘बाई, माझ्याकडे एकवीस आले, मग तोटा कसा?’

बाईंनी उत्तर दिलं नाही. त्या म्हणाल्या, ‘सकाळी तुझ्याकडे किती होते?’ ती जागेवर गेली, पासबुक उघडून बसली आणि थोड्या वेळाने स्वतःच म्हणाली, ‘चार गेले.’ मग तिच्या शेजारच्या मुलाने उरलेल्या तीन खुणांकडे बोट दाखवलं : एकेका मुद्रेला दे ना. ती ऐकेना, कारण एक खूण तिला अडीच मुद्रांना पडली होती. इथे बाईंनी एकच प्रश्न विचारला, ‘नाही विकल्यास तर त्या अडीच मुद्रा परत येणार आहेत का?’ खुणा विकल्या गेल्या, तोटा ४ वरून १ वर आला. जो पैसा खर्च झालाच आहे त्याच्याकडे बघत पुढचा निर्णय घ्यायचा नाही, हे मोठमोठ्या माणसांना आयुष्यभर जमत नाही. इथे ते एका मुलीच्या वहीत तीन ओळींत होतं.

पुढच्या बाजाराला तिने आधी वर्गात फिरून मागण्या लिहून घेतल्या आणि तेवढ्याच खुणा बनवल्या. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

मुलाचा तोटा झाला, ते रडलं, तर शिक्षकाने भरून द्यावं का?

नाही. जवळ बसा, पाणी द्या, हिशेब पुन्हा मांडायला मदत करा. मुद्रा देऊ नका. दहा वर्षांच्या वयात १० मुद्रा गमावण्याइतकं स्वस्त शिक्षण पुढे कधी मिळत नाही. शिक्षकाने खड्डा भरून दिला, की मूल एवढंच शिकतं की शेवटी कुणीतरी भरून देतंच. मात्र एक गोष्ट सांभाळा. शून्यावर आलेल्या मुलाला पुन्हा उभं राहायची वाट हवी. एखादं जादा काम, छोटं कर्ज किंवा भागीदारी. वाट असावी आणि तिच्यावर त्याचं त्याने चालावं.

बचतीची सवय कशी लावायची? काही मुलांना धीरच नसतो.

‘धीर नसतो’ असं म्हणण्याआधी स्वतःच्या वर्गाकडे पाहावं. स्टॅनफर्डमधला वॉल्टर मिशेल यांचा मार्शमेलोचा प्रयोग बहुतेकांना ठाऊक असतो : आत्ता एक गोळी, थांबलास तर दोन. थांबणारी मुलं पुढे यशस्वी होतात, असा त्याचा सोपा अर्थ वर्षानुवर्षं सांगितला गेला. २०१८ मध्ये नऊशेहून अधिक मुलांच्या माहितीवर हा संबंध पुन्हा तपासला गेला. तो पूर्वीच्या सुमारे निम्माच निघाला आणि घरची परिस्थिती हिशेबात घेतल्यावर आणखी पुष्कळ घटला.

मला त्याहून मोलाचा वाटतो तो २०१३ चा सेलेस्ट किड आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा प्रयोग. मुलं २८, वयं तीन ते पाच. आधी चित्रकलेचा तास. मोठ्या माणसाने सांगितलं, थांब, मी याहून चांगले रंग घेऊन येतो. निम्म्या मुलांना तो कबूल केल्याप्रमाणे रंग घेऊन आला. उरलेल्यांकडे रिकाम्या हाताने परतला आणि म्हणाला, नाही मिळाले. मग गोळीची परीक्षा. शब्द पाळलेल्या गटातली मुलं सरासरी १२ मिनिटं थांबली, शब्द मोडलेल्या गटातली ३ मिनिटं. पूर्ण १५ मिनिटं थांबणारी मुलं पहिल्या गटात १४ पैकी ९, दुसऱ्यात फक्त १.

म्हणजे लगेच खाऊन टाकणारं मूल अधीर असेलच असं नाही. ते अनुभवावरून शहाणं झालेलं असू शकतं. म्हणून वर्गातल्या बँकेचा नियम कधीही मोडायचा नाही. शुक्रवारी व्याज देतो म्हटलं की शुक्रवारीच, सहल असो की परीक्षा. ‘पुढच्या महिन्यात चांगल्या वस्तू येतील’ म्हटलं तर त्या आल्याच पाहिजेत. शिक्षकाने दोनदा शब्द फिरवला, तर वर्गातली हुशार मुलं बचत बंद करतील आणि त्यांचं काहीच चुकलेलं नसेल.

बचतीला नाव असावं. ‘साठवा’ म्हटल्यावर मूल साठवत नाही, ‘गोष्टींच्या पेटीसाठी ४० लागतात, माझे २६ झालेत’ असं पासबुकावर लिहिलेलं असलं की साठवतं.

चक्रवाढ व्याज या वयात कळतं का?

सूत्राने कळत नाही, वहीत कळतं. दहा-अकरा वर्षांच्या मुलांसाठी आठवड्याला १० टक्के असा मुद्दाम फुगवलेला दर ठेवा, म्हणजे परिणाम दिसायला वर्षं लागत नाहीत. १०० मुद्रा ठेवल्या. व्याज दर आठवड्याला काढून खर्च करणाऱ्याला ८ आठवड्यांत एकूण ८० मिळतात. व्याज खात्यातच राहू देणाऱ्याचे ११०, १२१, १३३ असे वाढत आठव्या आठवड्यात २१४ होतात. दोघांची पासबुकं शेजारी शेजारी भिंतीवर लावावीत. पहिले दोन आठवडे फरक नगण्य असतो आणि मुलं थट्टा करतात. नंतर गप्प होतात.

दाम दुप्पट व्हायला किती वेळ, ते काढायची जुनी युक्तीही इथेच द्यावी : ७२ ला दराने भागा. १० टक्क्यांना साधारण ७ आठवडे. इटलीतले गणिती लुका पाचिओली यांच्या १४९४ च्या ग्रंथात ही युक्ती येते, आणि जमाखर्चाची दुहेरी नोंदीची पद्धत (प्रत्येक व्यवहार जमा आणि नावे अशा दोन्ही बाजूंना लिहायची) ज्या ग्रंथामुळे सर्वदूर पोचली तो हाच. खऱ्या जगात दर इतका नसतो, हे मात्र त्याच दिवशी स्पष्ट सांगा. आणि हाही अंक दाखवा, की कर्जावरचं व्याज असंच वाढतं, फक्त उलट्या दिशेने.

वर्गात कर्ज द्यावं का? मुलांना उधारीची सवय लागेल ना?

द्यावं, आणि लेखी द्यावं. किती, कधी परत, व्याज किती, हप्ता चुकला तर काय, यावर मुलाची सही. कर्ज कशासाठी हवं, हे समितीतल्या तीन मुलांसमोर सांगायचं. साहित्यासाठी घेतलेलं कर्ज आणि आज आवडलेल्या पेनासाठी घेतलेलं कर्ज यांतला फरक ती समितीच ओळखू लागते. जामीन राहायची मुभाही ठेवा. मित्रासाठी जामीन राहून स्वतःच्या ५ मुद्रा गेलेलं मूल पुढे कागद वाचून सही करतं.

काही मुलांच्या घरी पैशाची ओढाताण असते. त्यांना अवघडल्यासारखं होणार नाही का?

होऊ शकतं, आणि तसं होऊ न देणं ही शिक्षकाची पहिली जबाबदारी आहे. सगळ्यांची सुरुवात सारख्या शिलकीने. घरून काही आणायचं नाही. ‘तुमच्या घरी महिन्याला किती येतात’, ‘बाबा काय कमावतात’ असले प्रश्न वर्गात कधीही विचारू नयेत, गृहपाठालाही देऊ नयेत. घरखर्चाचा अभ्यास घ्यायचा तर एक कल्पित कुटुंब घ्या आणि त्याचं अंदाजपत्रक सगळ्यांनी मिळून करा. गरिबी हा अक्कल नसल्याचा परिणाम आहे, असा सूर चुकूनही लागता कामा नये. ज्या घरात पैसा कमी असतो तिथली मुलं पुष्कळदा पै-पैचा हिशेब अचूक करतात. रोखपाल निवडताना हे लक्षात येईलच.

आता पैसे मोबाईलवरून जातात. नाणी-नोटा कशाला?

सुरुवातीला हातात मावणारं, जाताना दिसणारं काहीतरी हवंच. पडद्यावरचा आकडा कमी होताना मुलाला काहीच गमावल्यासारखं वाटत नाही. पहिलं सत्र पुठ्ठ्याच्या मुद्रांवर चालवा, दुसऱ्या सत्रात मुद्रा बंद करून फक्त वहीतली नोंद ठेवा. खर्च वाढतो का, ते मुलांनाच मोजू द्या. तिथेच सांकेतिक शब्द कुणाला न सांगणं, ‘तुम्हाला बक्षीस लागलंय’ अशा चिठ्ठीवर विश्वास न ठेवणं हेही घ्या. वर्गात अशी एक बनावट चिठ्ठी मुद्दाम फिरवून बघण्यासारखी आहे.

शेअर बाजाराचा खेळ घ्यावा का?

शाळेत नको. सहा-आठ आठवड्यांच्या खेळात जिंकतं ते सर्वात मोठा धोका पत्करणारं मूल, आणि आपण हुशार म्हणून जिंकलो अशी त्याची खात्री होते.

यातून काही साधतं, याला पुरावा आहे का?

आहे, पण अटींसह. २०१४ मध्ये फर्नांडिस, लिंच आणि नेटेमायर यांनी दोनशे एक अभ्यास एकत्र करून पाहिले. आर्थिक शिक्षणाने पुढच्या वागण्यातल्या फरकाचा केवळ ०.१ टक्का भाग स्पष्ट होतो, असं त्यांना दिसलं. शिकलेलं काळाबरोबर विरतं, म्हणून निर्णयाची वेळ येते तेव्हाच शिकवावं, असं त्यांचं म्हणणं होतं. २०२२ मध्ये टिम कायझर, ॲनामारिया लुसार्दी आणि सहकाऱ्यांनी चिठ्ठ्या टाकून गट पाडलेले ७६ प्रयोग तपासले, त्यांत एक लाख साठ हजारांहून अधिक माणसं होती. ज्ञान आणि वागणं दोन्हींवर चांगला परिणाम आढळला. मी या दोन्ही निष्कर्षांवरून एकच अर्थ काढतो. एकदा व्याख्यान देऊन सोडलं तर विरून जातं. वर्गातला बाजार मुलासमोर दर महिन्याला निर्णयाची वेळ आणतो, म्हणून तो पुन्हा पुन्हा भरवायचा.

मुलं पैशाच्या मागे लागतील, असं पालक म्हणतात. काय सांगावं?

ही भीती खोटी नाही. मुंबईत रुजलेल्या आणि पुढे अनेक देशांत पोचलेल्या ‘अफलातून’ या कार्यक्रमाची घानामध्ये तपासणी झाली, ती २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. एका गटातल्या शाळांत बचतीबरोबर हक्क, जबाबदारी, समाज यांवरही शिकवलं, दुसऱ्या गटात फक्त पैशाबद्दल. शाळेतली बचत दोन्हीकडे वाढली. पण फक्त पैशाचं शिक्षण मिळालेल्या गटातली मुलं जास्त कामाला जाऊ लागल्याचं दिसलं. पालकांना हे उघडपणे सांगा आणि आपण काय करतो तेही सांगा : अभ्यासाला आणि मदतीला मुद्रा नाही, बाजारातल्या कमाईचा काही भाग वर्गाच्या सामाईक पेटीत जातो आणि तो कशावर खर्चायचा हे मुलं मतदानाने ठरवतात. शक्य असेल तर एका बाजाराला पालकांना बोलवावं. विकत घ्यायला नको, हिशेबाच्या वेळी शेजारी बसायला.

शिक्षकालाच यातलं फारसं कळत नसेल तर?

बेरीज-वजाबाकी, टक्केवारी आणि प्रामाणिकपणा येत असला की सुरुवात होते. बाकीचं मुलांबरोबर शिकता येतं.

परीक्षा कशी घ्यावी?

पासबुक आणि हिशेबाची वही हीच उत्तरपत्रिका. श्रीमंत झालेल्या मुलाला जास्त गुण देऊ नयेत, त्यात नशीबही असतं. नोंदी पुऱ्या आहेत का, तोट्याचं कारण स्वतःच्या शब्दांत लिहिलंय का, पुढच्या वेळी काय बदललं, हे पाहा. मोठ्या मुलांना लुसार्दी आणि ऑलिव्हिया मिचेल यांच्या, आर्थिक समज तपासायला जगभर वापरल्या जाणाऱ्या तीन प्रश्नांपैकी दुसरा जरूर विचारा : खात्यावर वर्षाला १ टक्का व्याज आहे आणि महागाई २ टक्के, तर वर्षाने खात्यातल्या पैशांत आजच्यापेक्षा जास्त येईल, तेवढंच की कमी? ज्यांनी पेन ४ चं ७ होताना पाहिलंय, ती या प्रश्नाला अडत नाहीत.

वर्षअखेरीस उरलेल्या मुद्रेचं काय करायचं?

हे वर्ष संपताना नव्हे, पहिल्याच दिवशी सांगून ठेवा : शेवटच्या बाजारानंतर मुद्रा बाद होईल. सांगून ठेवलंत तरी शेवटच्या आठवड्यात सगळे एकदम खर्चायला निघतात आणि भाव भडकतात, म्हणून त्या बाजारात वस्तू दुपटीने ठेवा आणि काहींचा लिलाव करा. सगळी कर्जं त्याआधी फिटलेली असावीत. ज्याचं फिटलं नाही त्याच्याकडून उरलेल्या मुद्रांइतकं काम घ्यावं, माफी देऊ नये. तिजोरीत परत आलेली मुद्रा, सामाईक पेटी आणि बँकेच्या वह्या यांचा ताळा मुलांकडूनच घालून घ्या. एका मुद्रेचा फरक आला तरी तो सापडेपर्यंत शोधायचा. पासबुकं मुलांना घरी नेऊ द्या, मुद्रा पुढच्या वर्गासाठी मोजून डब्यात ठेवा.